पहाटवाले, जागरणवाले आणि ड्युटी लिस्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'तुम्ही पहाटवाले की जागरणवाले?' असा कौल आपल्या रविवार पुरवणीने मागवला आणि त्यावरची पत्रं गेले काही रविवार मी नेमाने वाचते आहे. सुरुवातीला मजा आली. एका वाचकाने लिहिलं, उशिरा उठणाऱ्याला शिस्त कशाशी खातात हेच ठाऊक नसतं. त्यावर दुसऱ्याचं उत्तर आलं, पहाटे उठणाऱ्यांना उठण्यापेक्षा उठल्याचं चारचौघांत सांगण्यात जास्त रस असतो. हे कात्रण मी जपून ठेवलं आहे. पुढे मात्र गाडी घसरली. जागरणवाल्यांची मुलं म्हणे बेजबाबदार निपजतात. पहाटवाल्यांना म्हणे कल्पनाशक्तीच नसते, जगात जे काही सुचलं ते रात्रीच सुचलं. एका गृहस्थांनी तर निशाचर जावई नको, असं जाहीर करून टाकलं. आणि दर रविवारी या सगळ्याच्या डोक्यावर कोणाची किती मतं ते आपण ठळक आकड्यांत छापता, जणू निवडणुकीची मतमोजणीच चालली आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे. उभी नोकरी पाळ्यांत गेली, त्यामुळे दोन्ही छावण्यांचं मीठ खाल्लेलं आहे. आपल्याकडे पत्रं लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरूनच चाललेली दिसते: माणसाला आधी काहीतरी आवडतं, मग तशाच आवडीची माणसं एकत्र येतात आणि मग समोरच्यांशी वाजतं. वॉर्डात मी हे सगळं उलट्या क्रमाने होताना पाहिलं आहे.

सकाळचे पावणेआठ. नाईटची सिस्टर ओव्हर देते आहे, म्हणजे पाळी संपताना पेशंटची हालहवाल पुढच्या पाळीला सांगते आहे. चार नंबरचं सलाईन संपत आलंय, सहाचं युरिन कमी झालंय, सरांना कळवलंय, अकराचं ब्लड पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, एक हात रिपोर्ट बुकावर. समोर मॉर्निंगची सिस्टर, कडक इस्त्रीची, पेनाचं टोपण काढून उभी. इथपर्यंत सगळं शिस्तीत. मग ती ड्रेसिंग ट्रॉलीकडे वळते, जंतुमुक्त गॉज ठेवायच्या डब्याचं, म्हणजे ड्रमचं, झाकण उघडते आणि आत गॉजचे चारच तुकडे. ड्रम ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्राकडे, गेलेलाच नाही. ती काही बोलत नाही, फक्त झाकण जरा जोरात लावते. नाईटची निघून गेली की मागे वाक्य येतं: "यांना काय, रात्रभर झोपा काढायच्या आणि सकाळी आमच्या गळ्यात मारून जायचं."

आता तेच रात्री अडीच वाजता ऐका. "दिवसावाल्यांचं बरं असतं. डॉक्टर हाताशी, मावशी हाताशी, लॅब चालू. तरी ड्रम अर्धाच भरून ठेवलाय. आम्ही इथे एकटीने तीस पेशंट बघायचे."

आमच्या एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. कामाला वाघ आणि जिभेलाही. त्यांची नाईट संपायची, ऑफ संपायचा आणि त्या मॉर्निंगला यायच्या. मधल्या काळात काय बदललं होतं? वॉर्ड तोच, ड्रम तोच, माणसं तीच. तरी पहिल्याच सकाळी 'हे नाईटवाले' सुरू व्हायचं, आणि ते इतक्या मनापासून की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंनी जन्मात नाईट केलेली नाही. पुन्हा नाईट लागली की बोट तितक्याच सहज दुसरीकडे वळायचं. त्यांना खोटारडं म्हणता येणार नाही. ज्या दिवशी ज्या बाजूला असत, त्या दिवशी त्यांना ते खरंच तसं दिसायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. फक्त बाब्या कोण, हे इनचार्जने भिंतीवर लावलेल्या कागदावरून, म्हणजे ड्युटी लिस्टवरून, ठरत होतं.

रात्रपाळी तिथे कोणाचीच आवड नव्हती. आवडीचा मागमूस नसताना एवढी छावणी उभी राहत असेल, तर आपल्या वाचकांची भांडणं तरी नक्की आवडीचीच आहेत का?

या प्रश्नाने हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाला फार आधी गाठलं होतं, आणि त्याला तो पुस्तकातून पडलेला नव्हता. पोलंडमध्ये १९१९ साली जन्मलेला ज्यू, फ्रान्समध्ये शिकायला गेलेला. फ्रेंच सैन्यात भरती झाला आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैदी म्हणून तो जगला. सुटून परत आला तेव्हा घरच्यांपैकी कोणी उरलं नव्हतं. पुढे ब्रिटनमध्ये ब्रिस्टलला शिकवत असताना त्याने ठरवलं की माणसांत फूट पाडायला कमीत कमी काय पुरतं, ते शोधायचं. कल्पना अशी, की अगदी क्षुल्लक भेदापासून सुरुवात करायची, तेवढ्याने काही होणार नाही, मग हळूहळू एकेक गोष्ट वाढवत न्यायची.

त्याने चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी मुलं घेतली. एका प्रयोगात त्यांना पॉल क्ले आणि वासिली कांडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली, खाली नाव न दाखवता, आणि कोणतं आवडतं ते विचारलं. मग एकेकाला सांगितलं, तू क्ले गटात, तू कांडिन्स्की गटात. प्रत्यक्षात ही वाटणी आवडीवरून झालेलीच नव्हती, ती सरसकट नशिबावर केली होती. आपल्या गटात आणखी कोण आहे हे मुलांना माहीत नव्हतं. एकमेकांशी बोलायचं नव्हतं. प्रत्येकाने एकट्याने बसून इतर मुलांना गुण वाटायचे, ज्यांचे नंतर पैसे मिळणार होते. स्वतःला एक दमडी मिळणार नव्हती.

गुण वाटायचा तक्ता मुद्दाम पेच पडेल असा केला होता. एका टोकाला आपल्या गटातल्या मुलाला १९, पण मग दुसऱ्या गटातल्याला २५. मधोमध दोघांना १३-१३. दुसऱ्या टोकाला आपल्या गटातल्याला फक्त ७, पण समोरच्याला १. पहिलं टोक निवडलं तर सगळ्यांचं भलं होतं, पैसे प्रयोग करणाऱ्यांच्या खिशातून जात होते. तरी मुलांचा कल दुसऱ्या टोकाकडे खेचला गेला. आपल्या गटाला कमी मिळालं तरी चालेल, दोघांतलं अंतर राहिलं पाहिजे. हा प्रयोग १९७० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये मायकेल बिलिग आणि ताजफेल यांनी एक पाऊल पुढे जाऊन मुलांना सरळ सांगितलं, हे बघा, तुमचा गट नाणं उडवून ठरतोय. चित्र नाही, आवड नाही, काही नाही. तरीही मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. ताजफेलला ज्या पायरीवर काहीच घडणार नाही असं वाटलं होतं, तिथेच सगळं घडून गेलं.

७ आणि १ हे आकडे मी विसरू शकत नाही. आपल्या पुरवणीतल्या पत्रांत मला तेच दिसतात. पहाटवाल्या एकाही वाचकाने पहाटेचं वर्णन केलेलं नाही. त्या वेळी काय दिसतं, काय ऐकू येतं, काय करायला बरं वाटतं, एक ओळ नाही. जागरणवाल्यांनीही रात्रीबद्दल काही लिहिलेलं नाही. दोघंही लिहितात ते समोरच्याबद्दल. रात्र खरंच आवडत असेल तर माणूस रात्रीबद्दल बोलेल ना?

आता मूळ विषयाकडे, कारण तिथे वैद्यकाला सांगण्यासारखं थोडं आहे. झोपेचा कल मोजायची एक जुनी प्रश्नावली आहे, हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये केलेली. प्रश्न १९, गुण १६ ते ८६. ५९ किंवा त्याहून जास्त असले तर सकाळचे, ४१ किंवा त्याहून कमी असले तर रात्रीचे, आणि ४२ ते ५८ म्हणजे मधले. मोठ्या संख्येने माणसं तपासली की बहुतेक या मधल्यातच सापडतात, टोकं विरळ असतात. आपल्या कौलात मधल्यांसाठी रकानाच नव्हता. त्यामुळे कधी सहाला, कधी साडेसातला उठणाऱ्या साध्यासुध्या माणसालाही कोणाचा तरी झेंडा हातात घ्यावा लागला, आणि एकदा घेतला की तो आपलाच वाटायला लागतो. ही माझी शंका आहे असं समजू नका. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये नेमकं हेच पाहिलं. घरात लागणाऱ्या उपकरणांना बायकांकडून गुण देऊन घेतले, मग त्यांतल्या जवळपास सारख्याच आवडलेल्या दोनांपैकी एक निवडून घरी न्यायला सांगितलं. नंतर पुन्हा गुण विचारले तर निवडलेल्या वस्तूचे वाढले होते आणि सोडलेलीचे घटले होते. वस्तू होत्या तशाच होत्या. फोन कोणता घ्यावा यावर घरोघरी जी हमरीतुमरी होते, तीही पैसे भरायच्या आधी क्वचितच होते. पावती हातात पडली की मग सुरू.

दुसरी गोष्ट वयाची. लहान मुलं पहाटेच टुणकन उठून बसतात. वयात येताना झोप मागे मागे सरकते आणि साधारण विशीच्या आसपास ती सर्वांत उशिराच्या टोकाला पोचते. झोपेचे अभ्यासक टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४ मध्ये हजारो लोकांच्या माहितीवरून दाखवलं. तिथून ती पुन्हा हळूहळू अलीकडे यायला लागते. म्हणजे आज 'तरुण पिढी ऐतोबा' असं लिहिणारे आजोबा विशीत बहुधा त्याच छावणीत होते, आणि आज आजोबांना खडूस म्हणणारा नातू साठीत पहाटे डोळे उघडून छताकडे बघत पडणार आहे. शिवाय हे सगळं निश्चयाच्या बळावर चालतं असंही नाही. २०१९ मध्ये सुमारे सात लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सकाळच्या कलाशी जोडलेल्या ३५१ जनुकीय जागा त्यात सापडल्या. लवकर उठण्यावरून नाकाने कांदे सोलणाऱ्यांनी आपल्या पुण्यातला थोडा वाटा आईबापांच्या नावावर जमा करावा.

काही वाचकांनी या भांडखोरपणाचं खापर मोबाईलवर फोडलं आहे. त्यांच्यासाठी एकच तारीख देते. इ. स. ५३२, कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. रथांच्या शर्यतीत निळ्यांचे आणि हिरव्यांचे पाठीराखे असत. दंगल उसळली, अर्धं शहर जळालं आणि तिथला इतिहासकार प्रोकोपियस मेलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या वर देतो. पण मला त्यातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. त्या दंगलीत निळे आणि हिरवे एकमेकांवर तुटून पडले नव्हते. ते एकत्र झाले होते, सम्राट जस्टिनियनच्या विरोधात. पिढ्यानपिढ्यांचं हाडवैर, आणि वर बसलेल्याकडे नजर गेल्याबरोबर विरघळलं.

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख या लहानशा गावाचंही असंच. दोन डास्लर भाऊ मिळून बुटांचा कारखाना चालवत होते. १९४८ मध्ये फाटलं. एकाची प्यूमा झाली, दुसऱ्याची पुढच्या वर्षी आदिदास. गाव नदीच्या अलीकडे-पलीकडे असं वाटलं गेलं, आणि बोलण्याआधी समोरच्याच्या पायातला बूट बघायची इतकी सवय लागली की मान खाली घालणाऱ्यांचं गाव असं त्याचं नावच पडलं. बुटाच्या आवडीवरून गाव फुटलं म्हणावं, तर भांडण दोन भावांचं होतं. गावकऱ्यांनी ते पायात घातलं.

आता मी 'भांडू नका, प्रेमाने राहा' असं सांगेन, अशी धास्ती वाटली असेल तर निश्चिंत राहा. नाईटला पहाटे तीन ते पाच हा काळ फार वाईट असतो. शरीर झोप मागतं, डोळ्यांपुढे चार्टची अक्षरं नाचतात. त्या वेळी शेजारच्या वॉर्डातली सिस्टर दोन मिनिटं दारात येऊन दिवसावाल्यांवर तोंडसुख घेऊन गेली की जी तरतरी यायची, ती कशानेच यायची नाही. आपलं असं चार माणसांचं काहीतरी असणं ही मोठी सोय आहे, आणि त्याला थोडी चिडवाचिडवी लागतेच. मॅरिलिन ब्रूअर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे फार चांगलं मांडलं आहे: आपल्या माणसांबद्दल ओढ असायला परक्यांबद्दल द्वेष असावाच लागतो असं नाही, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दारातल्या त्या दोन मिनिटांत दिवसावाल्यांचं काही बिघडत नव्हतं.

बिघडायचं ते ड्रमचं. इतकी वर्षं दोन पाळ्या त्या ड्रमवरून एकमेकींना पाण्यात पाहत होत्या आणि ड्रम वेळेवर का जात नाही, हे कोणी विचारलंच नाही. विचारलं ते नव्याने आलेल्या एका मुलीने, जिला अजून कोणाच्या बाजूने रागवायचं हे कळलेलं नव्हतं. कारण अगदी साधं निघालं. रात्री दोन वॉर्डांत मिळून एकच मावशी. ती एका वॉर्डात पेशंटला बेडपॅन देत असली की दुसऱ्या वॉर्डातून खाली ड्रम घेऊन जायला माणूसच नाही. आणि दिवसा ऑटोक्लेव्हचा लोड ठरलेल्या वेळी लागायचा, तो चुकला की थेट दुसऱ्या दिवशी. म्हणजे नाईटही खरं बोलत होती आणि मॉर्निंगही. माणसं कमी देणारा वरच्या मजल्यावर निवांत बसला होता. त्याच्याविरुद्ध कधी कोणी ब्रही काढला नाही, कारण आमचा सगळा दारूगोळा पावणेआठच्या ओव्हरलाच संपत असे.

माझा राग आहे तो इथे. पहाटवाले आणि जागरणवाले एकमेकांना शिस्त शिकवत बसले की घड्याळ लावतं कोण, हा प्रश्न बाजूला पडतो. विशीच्या अलीकडच्या मुलांची झोप शरीराच्याच नियमाने उशिरा सरकते हे कळल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि जुलै २०२२ पासून तिथल्या बहुतेक हायस्कुलांना तो लागू आहे. तिकडे रात्रपाळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं की ती माणसात कर्करोग घडवणारी असण्याची दाट शक्यता आहे. यांतला एकही विषय आपल्या पानावर आला नाही. तिथे मुलगा उशिरा उठतो म्हणून आई पहाटवाल्यांच्या रकान्यात मत टाकते आणि मुलगा तिच्यावर चिडून दुसऱ्या रकान्यात. शाळेची घंटा कोणी ठरवली ते दोघांच्याही गावी नाही.

आपल्यालाही एक विचारते, राग मानू नका. मुझफ्फर शेरीफ या संशोधकाने १९५४ मध्ये अमेरिकेतल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात वैर पेटवून दाखवलं, हे पुष्कळांना माहीत असतं. त्याआधीच्या वर्षी त्याने असंच एक शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं होतं, हे कमी जणांना माहीत असतं. तिथे मुलांची आधी आपसात ओळख होऊ दिली, दोस्ती झाली आणि मग त्यांना वेगळं केलं. काही केल्या ती एकमेकांवर उठेनात. उलट मोठी माणसंच आपल्याला भांडायला लावताहेत, असा संशय त्यांना आला. आपल्या वाचकांना अजून तो आलेला दिसत नाही. पण कौलाचे दोनच रकाने, वर आकडे, आणि त्यातल्या त्यात तिखट पत्र चौकटीत, एवढी मांडणी केल्यावर वाचक गोड बोलतील ही अपेक्षा कोणी कशी करायची? पत्रं रटाळ असली की पान वाचलं जात नाही, ही आपली अडचण मी समजू शकते. मलाही ते उठल्याचं चारचौघांत सांगणारं वाक्य आवडलंच की.

हा वाद आता थांबवा, असं मी म्हणणार नाही. चालू द्या. फक्त पुढच्या खेपेला दोन दुरुस्त्या करा. वरचे आकडे काढून टाका आणि त्या जागी वाचकांना विचारा, तुम्ही उठता त्या वेळेला का उठता आणि ती वेळ कोणी ठरवली. आणि आकडे छापल्यावाचून राहवतच नसेल, तर 'पहाटवाले' आणि 'जागरणवाले' यांच्या शेजारी तिसरा रकाना द्या: 'ड्युटी लिस्टप्रमाणे'. त्यात परिचारिका येतील, पहारेकरी येतील, लांब पल्ल्याचे ड्रायव्हर येतील, तान्ह्या बाळांच्या आया येतील आणि आपला अंक रात्री छापणारे आपल्याच छापखान्यातले कामगारही येतील. त्यांची पत्रं छापायला जागा पुरणार नाही, ती तयारी आधी ठेवा.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका